कॅल्शियम बंद केलं तर बाबांचं पम्पिंग सुधारेल का?

पत्र: माझे बाबा ६१ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. आधी ॲसिडिटी वाटली, त्यात वेळ गेला. साधारण तीन तासांनी अँजिओप्लास्टी झाली. एलएडी ही हृदयाची नस पूर्ण बंद होती, आता स्टेंट टाकून छान उघडली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीच्या टूडी इकोत पम्पिंग ३५ टक्के आलं. डिस्चार्ज कार्डावर ‘स्टन्ड मायोकार्डियम’ असं लिहिलंय. नस उघडली, तर पम्पिंग कमी का? भावानं इंटरनेटवर वाचलं की रक्त परत सुरू झालं की पेशींत कॅल्शियम साचतं आणि त्यानं हृदयाचा स्नायू बिघडतो. त्या दिवसापासून घरात दूध, दही, नाचणी बंद. आईच्या हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा त्यानं कपाटावर टाकल्या, ‘घरात नकोच’ म्हणून. उलट बाबांची बीपीची ॲम्लोडिपिन हॉस्पिटलनं बंद केली. ती तर कॅल्शियम अडवणारी गोळी ना? मग तीच चालू नको का? आणि मामा म्हणतात, पम्पिंग इतकं कमी असेल तर मशीन बसवावंच लागतं. खरं काय धरायचं? – एक वाचक, कराड

ताई,

आधी स्वयंपाकघराचं बघू, ते आजच्या आज निस्तरता येईल. दूध, दही, ताक, नाचणी पूर्वीसारखं सुरू करा. आईंच्या गोळ्या कपाटावरून खाली काढा आणि त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या. भावावर चिडू नका. त्यानं वाचलंय ते खरं आहे, फक्त ते ताटाला लावायचं नव्हतं.

रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, त्याच्या खाली नाही, वर नाही. खाण्यातून कमी आलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून भरपाई करतात. म्हणजे नाचणी बंद केल्यानं बाबांच्या हृदयाला काहीच कळत नाही, हाडं तेवढी झिजतात. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपल्याकडची आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद सांगते, पाळी गेलेल्या बायकांना १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. एवढं स्वस्त आणि घरचं दुसरं काय आहे?

आता हृदयाच्या आत काय होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

कॅल्शियमशिवाय हृदय चालतच नाही. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यावर चालवून बघत होते. ते पाणी नळाचं होतं तोवर हृदय छान धडधडत होतं. तेच द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये केल्यावर ठोके मंदावले आणि थांबले. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, सगळा फरक त्याचा. बाबांना ॲडमिट असताना आरएलचं सलाईन लावलं असेल तर त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर, आणि त्या बाटलीत आजही थोडं कॅल्शियम असतं.

ठोका नसतो तेव्हा हृदयाच्या पेशीच्या आत कॅल्शियम जवळजवळ नसतंच, बाहेरच्या मानानं दहा हजारांत एक भाग. ठोक्याच्या क्षणी पेशीच्या भिंतीतल्या दारांतून थोडं कॅल्शियम आत शिरतं, ते आतल्या कोठाराला चेतवतं, कोठारातून बरंच बाहेर पडतं आणि ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनावर जाऊन बसतं. तंतू एकमेकांवर सरकतात, स्नायू आकसतो. मग पुढच्या ठोक्याआधी तेच कॅल्शियम पंपांनी उपसून कोठारात परत भरायचं, थोडं पेशीबाहेर टाकायचं. मिनिटाला सत्तर वेळा हा उद्योग. आकसायला तर ऊर्जा लागतेच, पण सैल पडायलाही लागते, हे बऱ्याच जणांना नवल वाटतं.

एलएडी बंद झाली त्या पहाटे काय झालं? ही नस हृदयाच्या पुढच्या भिंतीला आणि टोकाला रक्त पुरवते. रक्त थांबलं, ऑक्सिजन थांबला. पेशीची ऊर्जा म्हणजे एटीपी घसरला आणि तो भाग मिनिटभरातच आकसायचा थांबला. पेशीनं ऑक्सिजनशिवाय साखर जाळून तग धरला, पण त्यात आम्ल साचलं. आम्ल बाहेर काढण्यासाठी पेशी बदल्यात सोडियम आत घेते. एरवी ते सोडियम पंपानं लगेच बाहेर टाकलं जातं, पण पंपाला ऊर्जा नाही. सोडियम वाढत गेलं. पेशीच्या भिंतीत सोडियम आणि कॅल्शियमची अदलाबदल करणारं एक प्रथिन असतं. नेहमी ते सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर टाकतं. आत सोडियमच इतकं झाल्यावर ते उलटं चालायला लागतं, म्हणजे सोडियम बाहेर, कॅल्शियम आत.

आणि नस उघडल्यावर? शेतीच्या लाईटीचं कसं होतं ते कराडच्या माणसाला सांगायला नको. लोडशेडिंग संपून लाईट आली की ऑटो स्विचनं सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपीच, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जातो. रक्त परत आलं की पेशीबाहेरचं आम्ल धुऊन निघतं, आतलं मात्र तसंच असतं. आतलं आम्ल झपाट्यानं बाहेर पडतं, त्याच झपाट्यानं सोडियम आत येतं आणि त्याच्या मागोमाग कॅल्शियम. त्या पहिल्या काही मिनिटांत ऑक्सिजनचे मारक कणही तयार होतात, म्हणजे फ्री रॅडिकल्स. तुमच्या भावानं वाचलं ते हे. पण यावरून नस उघडायला नको होती असं कुणाच्याही मनात येऊ देऊ नका. उघडली नसती तर तो सगळा भाग मेला असता.

आता खरी मेख. हा कॅल्शियमचा पूर टिकत नाही. ऊर्जा परत आली की पंप चालू होतात, पेशी कॅल्शियम उपसून टाकते आणि थोड्या वेळात आतलं प्रमाण पूर्ववत होतं. तरीही स्नायू नीट आकसत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एदुआर्दो मार्बान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या हृदयावर हे दाखवलं. रक्तपुरवठा थोडा वेळ तोडून परत दिला, तर नंतर स्नायूचे तंतू कॅल्शियमच्या हाकेला पुरेशी ओ देत नव्हते. त्या सुरुवातीच्या पुरानं तंतूच बिघडवून ठेवले होते. पुढे उंदरांच्या हृदयात असं दिसलं की वाढलेल्या कॅल्शियमनं कॅल्पेन नावाचं एक प्रथिन तोडणारं एन्झाइम जागं होतं आणि ते ट्रोपोनिनचाच एक भाग, ट्रोपोनिन आय, कुरतडतं. डुकरांच्या हृदयावर, जे आपल्या हृदयाच्या जास्त जवळचं, तसं कुरतडलेलं ट्रोपोनिन सापडलं नाही. तेव्हा तंतूंमध्ये नेमकं काय बिघडतं यावर अजून एकमत नाही. पण बिघाड तंतूंत आहे, कॅल्शियमच्या साठ्यात नाही, एवढं धरून चाला.

म्हणून तुमच्या भावाला सांगा की आज, तीन आठवड्यांनी, बाबांच्या हृदयात कॅल्शियम जास्त झालेलं नाही. जे व्हायचं ते पहिल्या काही तासांत होऊन गेलं. उलट असा थिजलेला (स्टन्ड) स्नायू कॅल्शियमचा रेटा वाढवला तर जास्त जोरात चालतो. डोब्युटामिन नावाचं औषध हेच करतं. त्याची थोडी मात्रा शिरेतून देऊन इको करतात. भिंत हलायला लागली तर तो भाग जिवंत आहे असं समजतात. मेलेला स्नायू कशानंच हलत नाही.

या थिजण्याचा माग तसा जुना आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत हायंड्रिक्स आणि व्हॅटनर यांच्या गटानं जागेपणी असलेल्या कुत्र्यांमध्ये हृदयाची नस फक्त पाच मिनिटं दाबून धरली आणि सोडली. रक्तप्रवाह लगेच पूर्ववत झाला, ईसीजी सुधारला, पण त्या भागाचं आकुंचन तीन तासांहून जास्त वेळ मंदच राहिलं. पंधरा मिनिटं दाबली तेव्हा सहा तासांहून जास्त. पेशी एकही मेलेली नव्हती. १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी या अवस्थेला ‘स्टन्ड मायोकार्डियम’ म्हटलं, आणि तेच बाबांच्या कार्डावर आलंय.

बाबांची नस मात्र पाच-पंधरा मिनिटं नाही, तीन तासांच्या आसपास बंद होती, आणि इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. साधारण वीस मिनिटांनंतर पेशी मरायला लागतात. सुरुवात भिंतीच्या आतल्या थरापासून होते आणि वेळ जाईल तसं ते बाहेरच्या बाजूला सरकत जातं. त्यामुळे बाबांच्या हृदयाचा काही भाग कायमचा गेला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याच्या कडेचा, कदाचित मोठा, भाग नुसता थिजलेला. दुसऱ्या दिवशीच्या इकोत दोन्ही सारखेच दिसतात, हलत नाहीत एवढंच दिसतं. म्हणून त्या ३५ टक्क्यांवरून पम्पिंग नेमकं किती वर येईल ते त्या दिवशी कुणीच सांगू शकत नव्हतं. थिजलेला स्नायू दिवसांत ते आठवड्यांत सावरतो. पेशीला खराब प्रथिनं मोडून नवी बांधायची असतात, त्याला वेळ लागतोच. ३५ वरून ४५ किंवा ५० पर्यंत गेलेले पेशंट कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला रोज दिसतात. जिथल्या तिथे राहिलेलेही दिसतात.

साहजिक प्रश्न असा की कॅल्शियमचा पूर हेच मूळ असेल तर डॉक्टर तो सुरुवातीलाच का अडवत नाहीत? प्रयत्न भरपूर झाले. सोडियम आत येण्याचा तो रस्ता अडवणारं कॅरिपोराइड नावाचं औषध मोठ्या चाचण्यांत वापरलं. बायपासच्या पेशंटमध्ये हार्ट ॲटॅक कमी झाले, पण मृत्यू वाढले, पक्षाघातामुळे. औषध बाजूला पडलं. कॅल्शियमच्या पुरात पेशीची ऊर्जाघरं फुटतात ती वाचवण्यासाठी सायक्लोस्पोरिन दिलं, २०१५ च्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. प्राण्यांमध्ये नस बंद करण्याआधी कॅल्शियम अडवणारी औषधं दिली की स्नायू कमी थिजतो, हे खरं. पण ॲटॅक सांगून येत नाही आणि गोळी आधी कोण देणार?

यातूनच तुमच्या ॲम्लोडिपिनचं उत्तर येतं. ती गोळी मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या कॅल्शियमच्या दारांवर काम करते. वाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. थिजलेल्या हृदयाच्या तंतूंना तिचा काही उपयोग नाही. हॉस्पिटलनं ती काढली याचं माझ्या मते साधं कारण आहे. बाबांना आता अशी औषधं हवी आहेत जी बीपीही उतरवतात आणि हृदयाची भिंत फुगण्यापासून वाचवतात, आणि उतरवायला बीपीच मोजकं आहे. ती जागा ॲम्लोडिपिननं अडवायची नाही. याच कुटुंबातल्या डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या गोळ्या तर पम्पिंग कमी असताना टाळायच्याच असतात, कारण त्या हृदयाचा जोर आणखी कमी करतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲटॅकनंतर फुप्फुसात पाणी साचलेल्या पेशंटना डिल्टियाझेम दिल्यावर हृदयाच्या तक्रारी वाढल्याच. घरात दुसऱ्या कुणाच्या यातल्या गोळ्या असतील तर त्या बाबांच्या डब्यापासून लांब ठेवा.

जे चालू आहे ते मात्र अजिबात सोडू नका. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची रक्त पातळ ठेवणारी गोळी (क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर) दोन्ही एकत्र साधारण वर्षभर, एक दिवसही न चुकवता. दात काढायचा असला तरी डेंटिस्टच्या सांगण्यावरून बंद करू नका, आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन. बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या बदल्यातलं नवं औषध, स्टॅटिन, आणि अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. ही शेवटची गोळी असेल तर एक गोष्ट नीट ऐका. ती रक्तातलं पोटॅशियम वाढवते, एसीई इनहिबिटरही थोडं वाढवतं. आणि आपल्याकडे पेशंटला बघायला येणारा प्रत्येक जण हातात शहाळं घेऊन येतो! नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. हॉस्पिटलमधून आल्यावर रोज दोन-तीन शहाळी पिणारे पेशंट आहेत आणि घरच्यांना वाटतं ताकद येतेय. ‘लो सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच, आणि पोटॅशियमची रक्ततपासणी सांगितलेल्या तारखेला करून घ्या. तुम्ही कॅल्शियमची धास्ती घेतलीत, लक्ष ठेवायला हवं ते पोटॅशियमवर.

कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल भाऊ आणखी एक मुद्दा काढेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी २००८ आणि २०१० मध्ये मांडलं होतं की कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक थोडे जास्त दिसतात. त्यावर खूप वाद झाला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हाडांच्या आणि हृदयाच्या दोन संस्थांनी मिळून सांगितलं की खाणं आणि गोळ्या धरून दिवसाला २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयाच्या दृष्टीनं चिंता नाही. त्या वादाचा थिजलेल्या स्नायूशी संबंध नाही. अँजिओग्राफीच्या रिपोर्टात नसेच्या भिंतीत ‘कॅल्शियम’ दिसलं असं लिहितात, ते तिसरंच प्रकरण आहे. वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीच्या थरात ते बसतं आणि दूध सोडल्यानं जात नाही. आईंना थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, इतकंच.

घरी करायचं काम म्हणजे रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, बाबांचं वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दाखवा. छातीत पुन्हा तसंच दुखलं तर या वेळी ॲसिडिटीचं काही देत बसू नका, १०८ ला फोन करा. चालणं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू वाढवा. स्नायू थिजलाय म्हणून बाबांना खाटेवर खिळवून ठेवायची गरज नाही.

राहता राहिले मामा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ते मशीन म्हणजे आयसीडी. ते पम्पिंग वाढवत नाही. ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ झाला तर शॉक देऊन जीव वाचवण्यासाठी ते असतं. ते बसवायचं का हे ॲटॅकनंतर निदान ४० दिवसांनी, आणि स्टेंट टाकला असेल तर साधारण तीन महिन्यांनी, पूर्ण औषधं चालू असताना पम्पिंग ३५ किंवा त्याखालीच राहिलं तर ठरवतात. तोवर थिजलेला भाग किती सावरला ते कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर घाई करायची नसते, आणि बाबांना तर अजून तीनच आठवडे झालेत. पुढची इको कधी ते डॉक्टरांना विचारून तारीख पक्की करा, जमल्यास त्याच ठिकाणी, म्हणजे जुन्या इकोशी नीट ताडून बघता येईल. सुधारणा अर्धवट दिसली तर डोब्युटामिनची इको किंवा हृदयाचा एमआरआय करून किती स्नायू जिवंत आहे हे बघता येईल का, तेही तेव्हा विचारा. मधल्या काळात बाबांना अचानक जोराची धडधड होऊन चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर मात्र तारखेची वाट बघायची नाही, लगेच १०८ बोलवायची.